दौलतभाऊंची बल्ली

कुत्रा बांधून ठेवला असता तर यातलं काहीच झालं नसतं, आणि मला हे लिहायलाही बसावं लागलं नसतं. हे मी दौलतभाऊंना तेव्हा सांगितलं, नंतर सांगितलं, आणि आज ते समोर असते तर आजही सांगितलं असतं. त्यांनी ऐकलं नसतं, ते वेगळं.

दौलतभाऊ मेश्राम जंगल खात्याच्या नाक्यावर नाकेदार होते. आरमोरीहून वडशाकडे जाताना रस्त्याच्या एका अंगाला तो नाका आणि दुसऱ्या अंगाला माझं आरोग्य उपकेंद्र. मी तिथली नर्स. गडचिरोली नुकताच वेगळा जिल्हा झाला होता, पण आमच्यापर्यंत त्याचा परिणाम एवढाच पोहोचला होता, की साहेबांच्या जीपगाड्या वाढल्या. माझ्या दारात उभं राहिलं की समोर नाक्याची खोली, तिच्यापुढचा दगडी ओटा, आणि ओट्याला टेकून उभी ती बल्ली दिसायची. सरकारी नोकरीत शेजार निवडता येत नाही. मला दौलतभाऊ मिळाले.

बल्ली म्हणजे सागाचं लांब, सरळ खोड. लाल-पांढरे पट्टे रंगवलेलं, ओट्यालगतच्या खुंट्यात खिळीवर फिरणारं. बुडाशी तारेनं बांधलेले मोठाले दगड, शेंड्याला दोर. दोर ओढून खुंट्याला गुंडाळला की बल्ली रस्त्यावर आडवी. सोडला की दगडांच्या वजनानं ती आपोआप आभाळाकडे जायची. बांबूचे, सागाचे, तेंदूपानाच्या पोत्यांचे ट्रक येत, आडव्या बल्लीसमोर थांबत. ड्रायव्हर खाली उतरून पास दाखवायचा, दौलतभाऊ ट्रकवर चढून लाकडावरचे शिक्के बघायचे, आणि मग दोर सोडायचे. एस.टी.ला तपासणी नव्हती, पण तीही घटकाभर थांबायची, कारण बल्ली आडवी असायची. साहेबांची जीपसुद्धा थांबायची. सबंध हयात या माणसासमोर प्रत्येक गाडी थांबत आली होती. पुढचं सगळं त्यातूनच झालं, असं माझं मत आहे.

उंच, किंचित वाकलेले. लोट्यात निखारे भरून इस्त्री केलेला खाकी शर्ट, कानामागे पेन्सिल, पायात टायरच्या वहाणा. रस्ता ओलांडताना इकडेतिकडे कधी बघायचे नाहीत. माझ्याकडे चहाला यायचं तरी रस्त्याच्या मधोमध थांबून कोणाशी तरी बोलत उभे राहायचे. मी दारातून ओरडायची, "भाऊ, बाजूले व्हा नं!"

"काऊन बाई? गाडी थांबते नं."

"सगळ्याच थांबत नाईत."

"माह्यासमोर थांबते." आणि हे ते फुशारकीनं नाही, पाणी वरून खाली वाहतं म्हणावं तसं म्हणायचे.

जाणाऱ्या-येणाऱ्या प्रत्येकाला ते "कुठी?" असं विचारायचे आणि पूर्ण उत्तर घेतल्याशिवाय सोडायचे नाहीत. हिवाळ्यात वडशाच्या नाटकांची जाहिरात करत कर्ण्याची जीप आली, तर सगळी जाहिरात, नटनट्यांच्या नावांसकट, ऐकून होईपर्यंत बल्ली वर जात नसे. मागे ट्रकांची रांग लागली तरी. नाक्याच्या खोलीत बुद्धाची तसबीर, तिच्याखाली एक बंद पडलेलं घड्याळ. बायको आणि दोन मुली ब्रह्मपुरीला, मुलींच्या शाळेसाठी. दौलतभाऊंच्या वडिलांना शाळेत आत बसू दिलं नव्हतं. ओसरीबाहेर उभं राहून ते जेवढं ऐकू आलं तेवढं शिकले. त्यामुळे असेल, दौलतभाऊंचा एका गोष्टीवर फार विश्वास होता: शिकवलं की कोणीही शिकतो. हमालांना सही शिकवली. माझ्या उपकेंद्राच्या दाईला घड्याळ शिकवलं, स्वतःचं बंद होतं तरी. मला सायकल शिकवायला निघाले होते. मला ती आधीपासून येत होती, पण ते त्यांना पटायला वेळ लागला.

नाक्यावर एक कुत्री होती, लाली. नाक्यावरची कुत्री जगतात ती ड्रायव्हर लोकांच्या उरलेल्या पोळीभातावर, आणि उन्हाळ्यात झोपतात ती थांबलेल्या ट्रकच्या सावलीत. चाकांच्या मध्ये थंड असतं. त्या दुपारी लाली बांबूच्या ट्रकखाली झोपलेली होती. ट्रकची तपासणी झाली, दौलतभाऊंनी दोर सोडला, बल्ली वर गेली, ट्रक निघाला. मी दारातच होते. पुढचं सांगत नाही.

त्या दिवशी ते चहाला आले नाहीत. दुसऱ्या दिवशी आले, कप हातात घेतला आणि म्हणाले, "दांडा मीच उचलला नं बाई."

मी म्हटलं, "तुमाले काय माहीत ती खाली होती?"

"वाकून पाहाले पायजे होतं."

या विषयावर ते पुन्हा कधी बोलले नाहीत. मीही काढला नाही.

लालीची पिल्लं गावातल्या लोकांनी नेली. एक राहिलं, काळं, कोणाला नको असलेलं. त्याच सुमारास रस्त्यावर डांबर टाकायचं काम चालू होतं, आणि हे पिल्लू डांबराच्या सांडलेल्या थारोळ्यात जाऊन रुतलं. दौलतभाऊ ते शर्टात गुंडाळून माझ्याकडे घेऊन आले. माझी ओपीडी चालू होती, बायका लसीसाठी पोरं घेऊन बसल्या होत्या, आणि हे बल्लीचे मालक दारात उभे. शर्टाची वाट लागली, ती लागलीच. मी जवसाचं तेल आणि जुनं लुगडं घेऊन ते पिल्लू घासलं. घासताना सांगितलं, "भाऊ, हा जगला तं याले बांधून ठेवा."

"बांधून ठेवलं तं जित्ता राहीन बाई. पन शिकन काय?"

पिल्लाचं नाव डांबऱ्या पडलं. मला वाटलं होतं विषय संपला. इथून सुरू झाला.

डांबऱ्या मोठा झाला तसा त्याला नाक्यावरच्या कुत्र्यांचे दोन्ही रोग जडले. उभ्या ट्रकखाली झोपायचं आणि चालत्या ट्रकमागे धावायचं. दौलतभाऊंनी त्यावर जी तोड काढली, ती अशी: बल्ली वर जाणार म्हणजे डांबऱ्या ओट्यावर पाहिजे. दोराला हात लावायचा, "चढ!" म्हणायचं, आणि कुत्रा ओट्यावर चढला की एक सुका झिंगा द्यायचा. झिंगे आरमोरीच्या बाजारातून खास आणायचे. सबंध नाक्याला त्यांचा वास. कुत्रा चढला नाही तर बल्ली वर जायची नाही. ड्रायव्हरांनी कितीही हॉर्न वाजवले तरी नाही. "बजाव बे, बजाव," दौलतभाऊ म्हणायचे, "तुह्या हॉर्नले झिंगा नाई भेटत."

कुत्रा शिकला, हे मान्य करायला पाहिजे. काही महिन्यांत झिंगाही लागेना. बल्ली जरा हलली की डांबऱ्या जिथे असेल तिथून उठायचा, ट्रकखालून बाहेर यायचा आणि ओट्यावर चढून बसायचा. बल्ली खाली आली की उतरायचा आणि माझ्या बोरिंगवर पाणी प्यायला रस्ता ओलांडून यायचा. आडवी बल्ली म्हणजे रस्ता आपला, उभी बल्ली म्हणजे रस्ता गाड्यांचा. ड्रायव्हर लोक थांबून कौतुकानं बघायचे. दौलतभाऊ खिशात हात घालून उभे राहायचे, जणू त्यांची मुलगी मॅट्रिकला पहिली आली.

या दिवसांतच साहेबांची जीप आली. साहेब नवे, तापट. जीप थांबली. डांबऱ्या माझ्या बोरिंगपाशी पाणी पीत होता, सावकाश. बल्ली आडवीच.

"मेश्राम, उचल की!"

"साहेब, कुत्रा खाली आहे जी."

"मग?"

"ओट्यावर चढला का उचलतो."

साहेबांना आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा ते जीपमधून उतरले. ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला. डांबऱ्यानं पाणी संपवलं, रस्ता ओलांडला, वाटेत जीपच्या पुढच्या चाकापाशी थांबला आणि पाय वर केला. मग ओट्यावर जाऊन बसला. दौलतभाऊंनी दोर सोडला आणि कडक सलाम ठोकला. साहेब काय काय म्हणाले ते मी माझ्या दारातून ऐकत होते. शेवटचं वाक्य, "तुला सिरोंच्याच्या पलीकडे पाठवतो."

मी धावत गेले. "भाऊ, नोकरीवर येईन नं हे! दोन पोरी शिकून राह्यल्या तुमच्या."

"पाठवलं तं पाठवलं. तिथी बी नाका असनच." आणि मग डांबऱ्याच्या डोक्यावर थापटी मारत, "पाह्यलं का बाई? साहेबाची गाडी होती तरी यानं नियम नाई मोडला."

मी तेव्हाच ते बोलले. मला राग आला होता, पण जे बोलले ते बरोबर बोलले. "भाऊ, तुमी याले गाडी शिकवलीच नाई. बल्ली शिकवली. उद्या बल्ली नसली तं?"

"बल्ली काऊन नसन?"

पण ते त्यांच्या मनात राहिलं असावं. आठवड्याभरानं स्वतःच म्हणाले, "बाई, तुमी म्हनता ते खरं आहे. गाडीची भीती बसाले पायजे." ही एकच वेळ, जेव्हा त्यांनी माझं ऐकलं. ऐकायला नको होतं.

रायपूरकडचा एक ड्रायव्हर नेहमी यायचा. गप्पिष्ट माणूस, दौलतभाऊंना चाचा म्हणायचा. त्यानं सांगितलं, "चाचा, हमारे उधर कुत्ता गाडी के पीछे भागता है, तो ऊपर से पानी मारते हैं. दो बार पडा, तीसरी बार नहीं आता." दौलतभाऊंना ते पटलं. मारायचं नाही, बांधायचं नाही, नुसतं पाणी. ठरलं. ट्रक नाक्याच्या पुढे, बल्लीच्या हद्दीबाहेर जाऊन थांबेल, डांबऱ्याला तिथवर न्यायचं, ट्रक निघाला की कुत्रा मागे धावेल, आणि क्लीनर मागून बादली ओतेल.

महिना मे होता.

चंद्रपूर-गडचिरोलीकडचा मे ज्यांनी पाहिलेला नाही त्यांना काय सांगावं. दुपारी रस्त्यावरचं डांबर मऊ होतं. पाखरं झाडावरून खाली पडतात. मी त्या महिन्यात ओलं लुगडं दाराला लावून बसायची. अशा दुपारी त्या क्लीनरनं डांबऱ्याच्या अंगावर बोरिंगचं थंडगार पाणी बादलीभर ओतलं. कुत्रा जागीच थांबला. अंग झाडलं. क्षणभर विचार केला. आणि जिवाच्या आकांतानं ट्रकच्या मागे धावला, दुसरी बादली मिळावी म्हणून.

रायपूरवाला हसून हसून स्टिअरिंगवर डोकं आपटत होता. दौलतभाऊ रस्त्याच्या मधोमध उभे, हात कमरेवर. "अरे, भ्याले पायजे होतं बे!"

गोष्ट ड्रायव्हर लोकांत पसरायला वेळ लागला नाही. पुढचे सगळे दिवस जो ट्रक नाक्यापुढून जायचा, त्याचा क्लीनर गंमत म्हणून पाण्याचा डबा उपडा करायचा, आणि डांबऱ्या नाक्याच्या पुढे जाऊन, जीभ काढून, गाड्यांची वाट बघत बसायचा. बल्लीपाशी शहाणा, आणि तिथून थोडं पुढे गेला की पुरता वेडा. गाडी म्हणजे आंघोळ. मी म्हटलं, "भाऊ, थंडीत करा हेच. थंडीत पाणी पडलं की बरोबर भीन."

"थंडीत?" ते माझ्याकडे असे बघायला लागले की जणू मी पोराला विहिरीत टाक म्हटलं. "निमोनिया होईन नं बाई. तुमी नर्स आहा का कोन आहा?"

म्हणजे उन्हाळ्यात उपयोग नाही आणि हिवाळ्यात दया येते. मग पाऊस आला, पाणी मारणं बंद पडलं, डांबऱ्या पुन्हा ओट्यापाशी राहू लागला आणि दौलतभाऊ असं धरून चालले की सगळं ठीक आहे. मी दोर आणून दिला. चांगला, मऊ, सुती. त्यांनी तो बल्लीचा जुना झालेला दोर काढून तिथे लावला. "बेस दोर आनला बाई."

आणि मग काही वर्षांनी, एका हिवाळ्यात नाका उठला.

वरून हुकूम आला की नाका इथे नको, पुढे फाट्यावर पाहिजे, म्हणजे दोन्ही रस्ते सांभाळता येतील. फाटा सायकलनं जाण्याच्या अंतरावर होता. तिथे नवी पक्की खोली झाली आणि बल्लीऐवजी लोखंडी गेट बसलं, हिरवं, दारासारखं बाजूला सरकणारं. दौलतभाऊंची नेमणूक तिकडेच झाली. सामान बैलगाडीत गेलं, तसबीर आणि घड्याळ त्यांनी स्वतः मांडीवर घेतलं, डांबऱ्या गाडीमागून चालत गेला. मला वाटलं, सुटले.

चारदोन दिवसांत दौलतभाऊ सायकलवर आले. चेहरा पडलेला.

"काय झालं?"

"तो पाहून राह्यला का गेट वर जाईन, खाली येईन. ते तं वर जातच नाई. बाजूले जाते." त्यांनी हातानं गेट सरकवून दाखवलं. "त्याले समजतच नाई बाई. गेटाच्या मंधातच बसून राह्यते. काल ट्रकचं चाक इथून गेलं." आपल्या पंजाएवढं अंतर दाखवलं.

"मंग शिकवा नवीन."

"शिकवून राह्यलो. पन जे पक्कं शिकलं ते निघत नाई." मग सायकलचं हँडल वळवत, "मीच पक्कं शिकवलं."

"बांधा," मी म्हटलं. ते निघून गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी डांबऱ्या जुन्या ओट्यावर हजर. एकटाच चालत आला होता. आणि खरी भानगड आता पुढे आली. नाका उठवताना मजुरांनी बल्ली खुंट्यातून काढली होती, पण ती न्यायची कोणी? खात्याला नको, फाट्यावर लोखंडी गेट. त्यांनी ती रस्त्याच्या कडेला टाकून दिली. आडवी.

डांबऱ्यानं ओट्यावरून ती पाहिली. बल्ली खाली आहे. म्हणजे रस्ता आपला. तो उतरला, रस्त्याच्या मधोमध आला, आणि हिवाळ्याचं कोवळं ऊन असल्यामुळे डांबरावर ऐसपैस आडवा झाला.

आता तिथे गाड्या थांबत नव्हत्या. उलट नाका उठला म्हणून ड्रायव्हर खुशीत, भरधाव. मी सुई उकळत ठेवली होती. ब्रेकचा आवाज ऐकला आणि तशीच धावले. एस.टी. तिरपी उभी, ड्रायव्हर शिव्या देतोय, आणि डांबऱ्या त्याच्याकडे मान वर करून बघतोय. आश्चर्यानं. बल्ली आडवी असताना ही गाडी आलीच कशी, असं त्याच्या तोंडावर स्पष्ट होतं.

कान धरून त्याला ओढत नेला. मागे वळते तो पुन्हा रस्त्यावर. तेव्हा माझ्या लक्षात आलं काय करायचं ते. धान घेऊन बाजाराला निघालेल्या शेतकऱ्यांना थांबवलं, त्यांच्याकडून ती बल्ली उचलून घेतली आणि ओट्याजवळच्या मोहाच्या झाडाला उभी करून माझ्या वाळवणाच्या दोरीनं करकचून बांधली. शेवटची गाठ मारेपर्यंत डांबऱ्या रस्त्यावरून उठला, ओट्यावर चढला आणि बसला. शेतकरी एकमेकांकडे बघायला लागले. "बाई, हे काय होय जी?" एकानं विचारलं. मी म्हटलं, "सांगत बसली तं तुमचा बाजार उठन."

संध्याकाळी दौलतभाऊ कुत्रा शोधत आले, तेव्हा मी त्यांना उभी बल्ली दाखवली. खरं तर मला थोडी शाबासकी पाहिजे होती. कुत्रा आता दिवसभर ओट्यावर बसणार, खोलीच्या मागून रानात जाऊन येणार, रस्त्यावर पाऊल ठेवणार नाही. जन्मभराचं काम झालं होतं.

ते बल्लीकडे बघत राहिले. "मंग पानी कसा पिईन?"

"मी बादली नेऊन ठेवीन तिकडे."

"अन् तुमची बदली झाल्यावर?"

"तेव्हाचं तेव्हा. भाऊ, जित्ता आहे नं तो?"

"रस्ता पार करता आला पायजे बाई. ओट्यावर बसून राह्यला तं बांधल्यासारखंच झालं."

दुसऱ्या दिवसापासून जे सुरू झालं त्यानं माझं डोकं फिरायची पाळी आली. रोज फाट्यावरची ड्युटी संपली की दौलतभाऊ सायकलवर यायचे. बल्ली सोडायचे. ती आता खुंट्यात नव्हती, दगड नव्हते, नुसतं ओझं. बुडखा ओट्यावर टेकवायचा, शेंडा खांद्यावर घ्यायचा आणि रस्त्यात आडवं उभं राहायचं. डांबऱ्या उतरायचा, रस्ता ओलांडायचा, बोरिंगच्या डबक्यात मनसोक्त पाणी प्यायचा, परत जायचा. तोवर दोन्ही बाजूंच्या गाड्या थांबलेल्या. नाका नाही, हुकूम नाही, आणि साठीकडे झुकलेला माणूस खांद्यावर सागाचं खोड घेऊन सरकारी रस्ता अडवून उभा.

"भाऊ, हा गुन्हा आहे. कोनी पोलिसात सांगितलं तं?"

"कोन सांगन? मले सगळे ओळखते."

"नवीन ड्रायव्हर ओळखत नाईत. ब्रेक नाई लागला तं तुमी जासान, कुत्रा नाई."

"लागते बाई. थांबते."

मी पाण्याची बादली नेऊन ओट्यावर ठेवली, त्यांनी ती माझ्या दारात परत आणून ठेवली. मी पुन्हा ठेवली, त्यांनी पुन्हा आणली. शेवटी मी बादली लपवली, कारण ती उपकेंद्राची होती.

हळूहळू त्यांच्या डोक्यात पुढचा धडा आला. बल्ली जड होत चालली होती, हे कारण असेल, पण ते कबूल करायचे नाहीत. म्हणायचे, "आता हलकी शिकवतो." सागाच्या बल्लीच्या जागी बांबू आला. डांबऱ्या काही दिवस गोंधळला, मग बांबूलाही मानायला लागला. मग बांबू छोटा झाला, काठी झाली. प्रत्येक वेळी कुत्रा अडायचा, दौलतभाऊ तासन्‌तास हातातलं ते आडवं धरून उभे राहायचे, "उतर बाप्पा, उतर, बंद आहे रस्ता," म्हणत, आणि गाड्या थांबून राहायच्या. मी दार लावून घ्यायची. काय ते एकदाचं होईल त्याचा आवाज मला ऐकायचा नव्हता.

त्याच हिवाळ्यात माझी बदली झाली, गोंडपिपरीकडे. आमचं घरच तिकडचं, त्यामुळे मला बरंच वाटलं. वडशाहून चांदा फोर्टची छोट्या लाइनीची गाडी पकडायची होती, आणि ती गाडी चुकली की दुसऱ्या दिवसापर्यंत बसा. आदल्या दिवशी दौलतभाऊंचा निरोप घेऊन झाला होता. मी त्यांना पुन्हा एक दोर दिला होता. त्यांनी हसून ठेवून घेतला.

ट्रंक टपावर, पिशवी मांडीवर, मी एस.टी.त खिडकीशी बसले. बस निघाली आणि लगेच थांबली. ड्रायव्हरनं हॉर्नवर हात ठेवला तो काढेना. मी मान बाहेर काढली. अर्थात.

दौलतभाऊ रस्त्यात उभे. या खेपेला हातात बल्ली नाही, बांबू नाही, काठीही नाही. नुसता एक हात खांद्याच्या रेषेत आडवा धरलेला, बोटं ताठ. इस्त्रीचा खाकी शर्ट. ओट्यावर डांबऱ्या, नाकाडाशी पांढरा झालेला, त्या हाताकडे एकटक बघत.

"काय भाऊ," ड्रायव्हर ओरडला, "नाका तं उठला नं!"

"दोन मिनटं थांब बे. कुत्रा उतरून राह्यला."

कुत्रा काही उतरत नव्हता. मी खिडकीतून ओरडले, "दौलतभाऊ! माही गाडी चुकन!"

त्यांनी माझ्याकडे बघितलंही नाही. हात हलेल म्हणून असेल. "कोनती गाडी बाई?"

"वडशाची! रेल्वे!"

"थांबन ते. नाक्यावरून आली म्हना."

बस हसली. मला हसू आलं नाही. आणि तेवढ्यात डांबऱ्यानं पुढचा एक पाय खाली टाकला. मग दुसरा. उतरला. त्या आडव्या हाताखालून, बसच्या नाकासमोरून, म्हाताऱ्या चालीनं सावकाश रस्ता ओलांडला आणि बोरिंगपाशी जाऊन पाण्याला तोंड लावलं. दौलतभाऊंनी हात हळूच वर नेला, सरळ आभाळाकडे, जशी बल्ली जायची तशी. बस निघाली.

मी मागे वळून पाहिलं. डांबऱ्याचं पाणी पिऊन झालं होतं. तो रस्त्याच्या कडेला आला आणि बसला. हात वर होता ना, रस्ता गाड्यांचा. पाऊल पुढे टाकलं नाही. समोरून बांबूचा ट्रक येत होता, तो त्यानं पाहिला आणि बसून राहिला.

दौलतभाऊंनी मात्र हात खाली सोडला, टायरच्या वहाणा फटफटत त्याच्या दिशेनं रस्ता ओलांडायला लागले. खिशातून काहीतरी काढत होते, झिंगाच असणार. ना इकडे पाहिलं, ना तिकडे. बांबूच्या ट्रकनं करकचून ब्रेक लावले आणि तो त्यांच्यापासून हातभरावर थांबला. त्यांनी मान वळवली नाही.

वडशाची गाडी माझी चुकलीच.